कुत्र्याले अचानक दुखून राहिलं तं गोळीचा डबा बंदच ठेवा

आमच्याकडं कुत्रं एकदम केकाटायला लागलं ना की दहा मिनिटात अंगणात माणसं जमतात आणि प्रत्येकाजवळ इलाज तयार असतो. कोणी म्हणतं हळद-तेल लावा, कोणी म्हणतं नजर लागली मीठ-मिरच्या ओवाळा, आणि एक तरी जण घरातून गोळीचं पाकीट घेऊन येतोच. नजर काढल्यानं कुत्र्याचं काही बिघडत नाही, मिरच्यांचा ठसका लागतो तेवढाच. गोळीनं मात्र जीव जाऊ शकतो, आणि हे आमच्या दारव्ह्याकडच्या शिकल्यासवरल्या लोकांनाही माहीत नसतं, म्हणून हे लिहून राहिले.

भुऱ्या आमचा गावठी, शेतावरचा. दिवाळी होऊन गेली होती, सोयाबीन निघालेलं, कापसाची वेचणी चालू, आणि धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत पार वाळलेलं. ह्या दिवसात धुऱ्यावरून नुसतं चाललं तरी साडीच्या काठाला कुसळंच कुसळं. तो तितराच्या मागं त्या गवतात घुसला आणि बाहेर आला तो डोकं झटकतच. साधं झटकणं नाही, कान फटफट वाजून राहिले, मान एका बाजूला वाकडी, गोल गोल फिरायचा, मागच्या पायानं कान खाजवायला जायचा आणि पाय लागला की असा किंचाळायचा की वेचणाऱ्या बाया कापूस सोडून उभ्या राहिल्या. "वो वयनी, पान तं नाही लागलं ह्याले?"

पान लागणं म्हणजे साप चावणं, आणि ही शंका काही खोटी नव्हती. आमच्या भागात घोणस आहे, नाग आहे, मण्यार आहे, आणि कुत्रं नाक खुपसून वास घेतं म्हणून साप बहुतेक तोंडालाच नाहीतर पुढच्या पायाला चावतो. म्हणून आधी तेच पाहिलं, लांबूनच. घोणस चावली असती तर थोड्या वेळात तोंड सुजायला लागतं, चावल्या जागेतून रक्त थांबत नाही. तसं काही नव्हतं. पण नुसता संशय जरी असला ना तरी घरी वाट पाहत बसू नका, दोरी करकचून बांधू नका, ब्लेडनं चिरू नका, कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि निघा. माणसाला जे सापाचं इंजेक्शन देतात, नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चारही सापांवर चालणारं, तेच कुत्र्यालाही देतात.

लांबून पाहिलं असं म्हटलं त्याला कारण आहे. दुखणारं कुत्रं घरच्या माणसालाही चावतं. लाडाचं असो की लहानपणापासून हातानं भाकर खाल्लेलं असो. त्या वेळी त्याला फक्त हात दिसतो. म्हणून आमच्या ह्यांनी गळ्यातल्या दुपट्ट्याचा फास करून नाकाडावर टाकला, हनुवटीखाली एक गाठ, मग दोन्ही टोकं कानामागं नेऊन तिथं दुसरी गाठ. ओकत असेल, दम लागला असेल तर मात्र तोंड बांधायचं नाही, कुत्रं तोंडानंच धापा टाकून अंग थंड करतं, बांधलं तर गुदमरेल. आणि तरीही दात लागलाच तर जखम पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि सरळ आरोग्य केंद्रात जायचं, कुत्रं घरचं आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. कुत्रं एकाएकी बदललं, लाळ गळून राहिली, पाणीही गिळता येत नाही असं दिसलं तर त्याच्या तोंडात हात घालून हाडूक अडकलं का पाहायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका, ते रेबीजही असू शकतं.

तोंड बांधल्यावर हिरड्या पाहिल्या. ओठ वर करून हिरडीवर बोट दाबायचं, जागा पांढरी होते, बोट काढलं की दोन सेकंदाच्या आत परत गुलाबी झाली पाहिजे. वेळ लागत असेल किंवा हिरडी आधीच पांढरीफटक असेल तर रक्ताभिसरणाचा प्रॉब्लेम आहे, मग एक मिनिट घालवू नका. भुऱ्याच्या हिरड्या काळ्या आहेत, गावठी कुत्र्यांमध्ये असतातच, मग खालची पापणी थोडी ओढून आतला रंग पाहायचा. तो गुलाबी होता. ताप हात लावून कळत नाही, कारण कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, 101 ते 102.5 फॅरनहाइट हे त्याचं नॉर्मल. आणि नाक कोरडं म्हणजे ताप हे तर अजूनच काहीच्या काही.

आता गोळीवाले. घरी आणलं तोवर शेजारचे काका कॉम्बिफ्लॅम घेऊन हजर. "अर्धी दे न व पोरी, माह्या गुडघ्याले लय आराम पडते हिनं." काकांचा जीव आहे भुऱ्यावर, वाईट काहीच नव्हतं त्यांच्या मनात. पण त्या गोळीत आयबुप्रोफेन आहे आणि पॅरासिटामॉल आहे. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडन्या जातात, आणि पॅरासिटामॉल जास्त झालं की लिव्हर जातं, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदही जाते. आपल्याला जी गोळी हलकी वाटते ती दहा-बारा किलोच्या जिवाला हलकी राहत नाही. डायक्लोफेनॅक ह्या दुसऱ्या पेनकिलरचंही तसंच. जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक सरकारनं 2006 मध्ये बंद केलं ते गिधाडांमुळं, ते औषध टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या. पण माणसाचं मेडिकलात मिळतं ना, मग लोक तेच आणून देतात. अजून एक, घरची गोळी आधी पोटात गेली असेल तर डॉक्टरला कुत्र्याचं योग्य पेनकिलर लगेच देता येत नाही, दोन्ही मिळून पोट फाडतात. म्हणजे आराम पडावा म्हणून दिलेल्या गोळीनंच आराम लांबतो. कोणी दिलीच असेल तर लपवू नका, नाव आणि किती दिली ते सांगा.

काकांना मी चहा दिला आणि गोळी परत खिशात ठेवायला लावली. तेवढ्यात मामाजी लसूण टाकून तेल कोमट करून राहिले होते, कानात टाकायला. तेही थांबवलं. (सासऱ्याला थांबवणं किती अवघड असतं ते सुना जाणतात.) कानाचा पडदा फाटला असेल तर तेल आत उतरतं, आणि नसला फाटला तरी सगळं तेलकट झालं की डॉक्टरला आतलं काही दिसत नाही.

मी केलं ते एवढंच की मोबाईलवर व्हिडिओ काढला. हे खरंच करा. कारण दवाखान्यात गेलं की अनोळखी जागा, अनोळखी वास, त्यानं घाबरून कुत्रं एकदम गप होतं, सगळं लपवतं, आणि डॉक्टर म्हणतात ह्याला तर काहीच नाही दिसत. व्हिडिओत ते मान वाकडी करणं, तो कान, सगळं आलं होतं. तालुक्याच्या ढोराच्या दवाखान्यात फोन केला तर डॉक्टर लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाला खेड्यावर गेलेले, पण तिथल्या साहेबांनी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाहून सांगितलं की कानात कुसळ गेलेलं दिसते, काही टाकू नका, खाजवू देऊ नका, यवतमाळला घेऊन जा.

यवतमाळला डॉक्टरांनी आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, मग दुर्बिणीसारखं ते कानात पाहायचं यंत्र आत घातलं आणि मलाही डोळा लावून पाहू दिलं. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली जाते आणि मग आत वळते, म्हणून बाहेरून बॅटरी मारून कितीही पाहा, वळणापलीकडचं दिसतच नाही. त्या वळणाच्या पुढं ते बसलेलं, टोक पडद्याकडं. लांब चिमट्यानं काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. एवढंसं. टोकाला सुईसारखी अणी, तिच्यावर मागं वळलेले बारीक केस, आणि मागं पीळ पडलेली शेपटी. ती शेपटी ओल लागली की उलगडते आणि वाळली की परत पिळते, आणि दर वेळी बी थोडं पुढं सरकतं, गिरमिटच म्हणा. मागचे केस त्याला उलटं येऊ देत नाहीत. जमिनीत स्वतःला पेरून घ्यायची ती सोय आहे गवताची, कुत्र्याच्या कानात गेलं तरी ते तेच करत राहते. म्हणून "निघून जाईल आपोआप" हे कुसळाच्या बाबतीत चालत नाही. पडदा शाबूत आहे हे पाहूनच त्यांनी थेंब लिहून दिले, आणि दुखण्यासाठी मेलोक्सिकॅम, तेही वजन करून.

सगळीच कुत्री भुऱ्यासारखी बोंबलत नाहीत हेही सांगते. पुष्कळ कुत्री दुखलं की बंडीखाली नाहीतर गोठ्यात अंधारात जाऊन बसतात, खात नाहीत, थंडीतही धापा टाकतात, अंग थरथरतं, एकच जागा चाटत राहतात. पाठ कमानीसारखी करून चालतं, किंवा पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर करून तसंच राहतं, तर पोटात दुखतं. आता आमच्याकडंही लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड आलेत, अशा मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट टम्म फुगलं आणि ते ओकायला करतं पण निघत काही नाही, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. त्यात सकाळ होण्याची वाट पाहिली तर कुत्रं हाती लागत नाही.

आणि फवारणीचे दिवस. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तिथं कुत्र्याचं काय. पंप धुतलेलं बकेटातलं पाणी ते पिऊन येतं. लाळ गळते, डोळे गळतात, ओकारी, जुलाब, अंगाला कंप, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी. मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, ते मीठच वेगळं विष होतं. अंगावर औषध सांडलं असेल तर हातात मोजे घालून साबणानं धुवा, आणि औषधाच्या बाटलीच्या लेबलचा फोटो काढून घेऊन जा, कारण कशानं झालं त्यावर डॉक्टरचा उतारा ठरतो.

फोन नंबरचं म्हणाल तर 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे, मुख्य गाई-म्हशी-बकऱ्यांसाठी, पण लावून विचारायला पैसे पडत नाहीत. मोठं काही असलं, ऑपरेशन वगैरे, तर नागपूरला सरकारी पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना आहे, अकोल्यालाही ते महाविद्यालय ज्या विद्यापीठाचं आहे त्याचीच संस्था आहे. आमच्यापासून नागपूर लांबच पडतं, म्हणून जवळचा कोणता डॉक्टर कुत्री पाहतो हे आधीच विचारून ठेवलेलं बरं, कारण ढोराचे सगळे डॉक्टर कुत्र्याला हात लावत नाहीत.

भुऱ्या गुंगी उतरल्यावर घरी येऊन आधी भाकर खाल्ली आणि मग काकांच्या ओट्यावर जाऊन झोपला. गवत कापून होईस्तोवर आता रोज संध्याकाळी त्याचे कान, बोटांच्या फटी आणि बगला चाचपून पाहते, त्यात गोचिडही निघतात, त्यांचं वेगळंच रामायण आहे, ते पुढच्या वेळी.