पावसाच्या ओळीत मांडलेली पानं

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं पत्र आलं आणि मला शाळेआधी भूगोलाचे सर आठवले. नाव लिहीत नाही. ऐंशीच्या दशकात साताऱ्यात आपल्या शाळेत शिकलेल्या कुणालाही नुसतं 'सर' म्हणा, कळेल. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये, पण आज प्राध्यापिका म्हणून वनस्पतिशास्त्र शिकवते ते सरांच्या एका तासामुळे, आणि त्या तासाबद्दलच लिहिणार आहे.

नववीत दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास एवढाच होता : घराजवळ आपोआप उगवलेलं जे असेल त्याचं पान आणायचं. लावलेलं झाड चालणार नाही. वसतिगृहामुळे आमच्या वर्गात जिल्ह्याच्या दोन्ही टोकांची मुलं होती. सुट्टीनंतर सरांनी प्रयोगशाळेतलं लांब टेबल ओढून घेतलं आणि त्यावर खडूने पावसाचे आकडे लिहिले. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, पाचगणीला दोन हजारांच्या आत-बाहेर, साताऱ्याला हजाराच्या आसपास आणि माण तालुक्यात जेमतेम पाचशे. सगळं सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. मग म्हणाले, "आता आपापलं पान आपल्या पावसावर ठेवा."

महाबळेश्वरच्या मुलीने अंजनीचं जाड, चकचकीत पान ठेवलं, माणच्या एकाने बाभळीची चिमुकली पानं. वर्गाला वाटलं, संपलं गणित : पाऊस जास्त तिथं पान मोठं, कमी तिथं बारीक. तेवढ्यात साताऱ्याच्या आकड्यावर कुणीतरी पळसाचं पान आणून ठेवलं. पत्रावळीचंच ते, अंजनीच्या पानाच्या कितीतरी पट. सगळे सरांच्या तोंडाकडे बघायला लागले आणि सर असे खूश झाले, जणू त्याचीच वाट बघत होते. "पळस मोठं पान परवडवतो कसा? उन्हाळ्याच्या आधी टाकून देतो! पान बारीक करणं हा एक मार्ग, झाडणं हा दुसरा. अंजनीला दोन्ही करावं लागत नाही, कारण वर डोंगरावर गारवा, धुकं आणि मातीतली ओल तिला पुरते."

शेवटी माणचाच दुसरा एक मुलगा उठला. त्याच्या हातात पान नव्हतंच, कुसळी गवताची वाळकी मूठ होती. "सर, आमच्या घरामागं माळ आहे. झाड नाही." वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी एक कुसळ निवडलं, टेबलावर ठेवलं आणि बोटाने पाण्याचा थेंब त्यावर सोडला. पीळ पडलेलं ते काळपट कुसळ हळूहळू उलगडत गरागरा फिरायला लागलं. पहिल्या पावसाने ते भिजतं, फिरतं, वाळलं की पुन्हा पीळ घेतं आणि टोकाचं बी जमिनीत रुतवत जातं. पुढच्या तासाचे गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले होते, त्यांनाही आमच्या सरांनी टेबलापाशी बोलावून घेतलं. तो तास भूगोलातच गेला. सरांच्या स्वेटरला चिकटलेली कुसळं मात्र दुपारच्या सुट्टीपर्यंत निघत नव्हती.

अरबी समुद्रावरचा ओला वारा घाटाला अडतो, वर चढताना थंड होतो आणि पाऊस टाकून मोकळा होतो. पलीकडे उतरताना तो तापतो, कोरडा होतो, म्हणून माण पर्जन्यछायेत. हे पुस्तकात होतंच. जगाच्या हवामानाचे प्रकार पाडणारा शास्त्रज्ञ कोपेन मुळात वनस्पतींचा अभ्यासक होता आणि जगाच्या हवामानाच्या सीमा ठरवताना त्याने झाडाझुडपांचाच आधार घेतला, हे मात्र आम्हाला सरांनी सांगितलं.

कासला आम्हाला नेलं तेही सरांनीच, तेव्हा कास म्हणजे साताऱ्याला पाणी देणारा तलाव एवढंच लोकांना माहीत होतं. पठारावर एवढा पाऊस, तरी जंगल का नाही, असं विचारून सर गप्प बसले. खाली जांभा दगड, वर बोटभर माती, तिचा कस पावसाने धुऊन नेलेला. म्हणून तर तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवं या इवल्या वनस्पती किडे पकडून पोट भरतात. 2012 साली कास जागतिक वारसा यादीत गेलं, त्यानंतरची तिथली गर्दी सरांनी बघायला नको होती असं वाटतं.

त्या मुठीतल्या गवतावरच पुढे माझा प्रबंध झाला. गेल्या वर्षी डेहराडूनला माळरानांवर बोलायला बोलावलं होतं, तेव्हा कुसळाचा तो थेंबाचा प्रयोग मी करून दाखवला, आणि टाळ्या मिळाल्या त्या त्यालाच. कागदोपत्री मात्र माळ अजून 'पडीक'च. पुण्यामुंबईची उत्साही मंडळी पावसाळ्यात येतात, खड्डे खणून गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडं लावतात, फोटो काढतात. पाचशे मिलिमीटरच्या त्या गवतावर लांडगा, चिंकारा, धाविक पक्षी आणि धनगरांची मेंढरं जगतात, हे त्यांना कुणी सांगायचं? आमचे सर असते तर एकेकाला टेबलापाशी उभं केलं असतं. शाळेमागच्या माळावरही आता इमारती झाल्यात, कुसळ आणायला मुलांना कुठे पाठवणार कोण जाणे.

एक विनंती आहे. सर रोज सकाळी पर्जन्यमापक बघून आकडा वहीत लिहून घ्यायचे, सुट्टीत शिपाईमामा लिहायचे. एका वर्षाच्या पावसावरून हवामान कळत नाही, निदान तीस वर्षांची सरासरी लागते, असं सांगत त्यांनी ते निवृत्तीपर्यंत चालवलं. निळ्या पुठ्ठ्याच्या त्या वह्या नकाशांच्या कपाटात खालच्या खणात असायच्या. नूतनीकरणात रद्दीत गेल्या नसतील तर कार्यालयाने कृपया कळवावं. स्कॅनिंगचा सगळा खर्च मी करीन आणि न्यायला स्वतः येईन.