एलीया आधी झोपला

20 जुलै, रात्री पावणेबारा

जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरून झालं एकदाचं. शेवटच्या दिवशी पोर्टल रांगतंच, आणि मालक दर दहा मिनिटांनी दारातून डोकावणार, "झालं का मॅडम?" शिरोलीहून घरी पोचायला साडेआठ झाले. बाहेर सकाळपासून धो धो.

दिवसभर फोनवर एकच विषय, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 च्या महापुरानंतर हे आकडे कोल्हापुरात लहान पोरांनाही पाठ आहेत. गाडीवर भिजत येताना वाटलं, माणसाच्या अंगावरही अशी पट्टी रंगवलेली असती तर बरं झालं असतं. माझं पाणी इशाऱ्याच्या वर कधी गेलं ते मला कळलंच नाही. कळलं ते थेट मंगळवारी.

मंगळवारचं लिहायला लाज वाटते. आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला आता सात आठवडे झाले. पहाटे साडेचारला उठून तिचं आवरायचं, डबे करायचे, मग फाउंड्री गाठायची. मंगळवारी तिच्या हातून चहाचा कप अंथरुणावर कलंडला, नुकत्याच बदललेल्या चादरीवर. मी ओरडले. काय ओरडले ते इथं लिहीत नाही. ती एक शब्द बोलली नाही, नुसती पदराच्या टोकानं तो डाग टिपत राहिली. टिपून कुठं जातोय चहाचा डाग! मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले, रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

त्याच्या आधीच्या रविवारी चर्चची उपासना सुटल्यावर एका ताईंजवळ थोडं मन मोकळं केलं होतं. त्या म्हणाल्या, "प्रार्थनेत कमी पडतेस बघ. पहाटे चारला उठत जा, प्रभू बळ देतो." साडेचारला उठणाऱ्या बाईला चारचा सल्ला! तेव्हा हसू आलं नाही, आत्ता येतंय. ताई मनानं चांगल्या आहेत, आईला बघायला दोनदा येऊन गेल्या. पण माणूस थकला की त्याचा विश्वास आटला असं धरायचं, ही आपल्या लोकांची जुनी खोड. दिवसभर मी तूट-शिल्लकच बघते. हा ताळेबंद मला नाही जुळत.

मंगळवारी रात्री झोप लागेना म्हणून बायबलमधलं 'पहिले राजे' हे पुस्तक उघडलं, अध्याय 19. लहानपणी चर्चच्या शब्बाथशाळेत, एलीया संदेष्ट्याच्या प्रार्थनेनं कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी कसा उतरला, ते बाई हातवारे करून सांगायच्या, आणि पुढचं पान घाईनं उलटायच्या. पुढच्या पानावर तोच एलीया रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. एवढं बोलून झोपतो. देवदूत येतो आणि त्याला ना उपदेश करतो, ना विश्वासाचा हिशेब मागतो. हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो! देवदूत परत येतो, परत खायला लावतो. त्याच्या जोरावर मग चाळीस दिवस, चाळीस रात्री चालत देवाचा डोंगर होरेब. तिथं ऐकू आलेली देवाची शांत, मंद वाणी त्यानंतरची. भाकरीच्या नंतरची.

आणखी एक गोष्ट इतक्या वर्षांत लक्षात आली नव्हती. होरेबवर देव विचारतो, तू इथं काय करतोस? एलीया गाऱ्हाणं सांगतो. मग वारा, भूकंप, अग्नी, ती मंद वाणी, एवढं सगळं होऊन देव पुन्हा तेच विचारतो, आणि एलीयाचं गाऱ्हाणं शब्दाला शब्द तेच! एका अक्षराचा फरक नाही. मला फार बरं वाटलं हे वाचून. आणि देव चिडत नाही. त्याला कामाला लावतो, पण सोबत त्याच्या जागी येणाऱ्या अलीशाचं नावही सांगतो. वर कळवतो की इस्राएलात माझे अजून सात हजार आहेत, तू एकटा नाहीस.

वडिलांनी 'कष्टी व भाराक्रांत' जनांना विसावा देईन, हे येशूचं वचन फ्रेम करून दाराच्या वर लावलंय. त्यातला विसावा मी आजवर मेल्यानंतरचाच समजत होते.

काल लंच टायमात डॉक्टरांकडे जाऊन आले. बीपी वाढलंय, गोळी सुरू केली. तिथूनच पुण्याला भावाला फोन लावला. सात आठवडे लावला नव्हता. त्याला सांगायचं म्हणजे मी हरले, असं काहीतरी डोक्यात होतं. म्हटलं, दादा, मला जमत नाहीये. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "आधी का नाही बोललीस गं?" शनिवार-रविवार येतो म्हणाला, पाणी रस्त्यावर आलं नाही तर.

आज घरी आले तर ओट्यावर झाकलेलं ताट. समोरच्या मावशी ठेवून गेल्या होत्या, दोन ज्वारीच्या भाकरी, खर्डा, वर दह्याची वाटी. आई म्हणाली, "तुला उठवून खायला घाल म्हणाल्या, झोपली असलीस तरी." मावशींनी बायबल उघडलेलं नाही. दर मंगळवारी अंबाबाईला जातात. खर्ड्यानं डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळं खर्ड्याचंच होतं असं काही म्हणवत नाही.

साडेचारचा गजर सव्वापाचवर नेलाय. डबा उद्या कँटीनचा.

आई हाक मारतेय, कूस बदलायची असेल.