किंक्रांतीचे एकवीस

बुधवार, १७ जानेवारी २०२४
कार्मेल, इंडियाना

सव्वासहा वाजलेत, बाहेर अंधार आहे आणि थंडी अशी की काल रात्री बापूच्या गाडीचं दार गोठून बसलं, गरम पाणी ओतून उघडावं लागलं. मंडळी साडेबाराला गेली. त्यानंतरही मला झोप नाही. आपली बास्केटबॉल टीम एकवीस गुणांनी जिंकलेली असताना माणसाला झोप का येऊ नये, हे लिहून बघावं म्हणून वही काढली.

स्कोअर आधी लिहून ठेवतो. पर्ड्यू, म्हणजे माझी युनिव्हर्सिटी, ८७, इंडियाना युनिव्हर्सिटी ६६. मॅच ब्लूमिंग्टनला, असेंब्ली हॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या घरात, त्यांच्या १७ हजार माणसांसमोर. आमच्या झॅक ईडीचे ३३ पॉइंट आणि १४ रिबाउंड, म्हणजे हुकलेला चेंडू चौदा वेळा त्याच्या हातात.

काल किंक्रांत. परवा संक्रांत होती, सोमवार आणि सुट्टी असूनही कुणाला जमलं नाही, म्हणून तिळगुळासाठी काल बोलावलं होतं. आईचा सांगलीहून सकाळीच फोन, ‘आज कर आहे, आज कशाला हात लावू नका, नाट लागते.’ मी म्हटलं, आई, हात मी लावत नाहीये, ती पोरं लावणार आहेत. ती म्हणाली, कोणती पोरं? अठ्ठावीस वर्षं सांगतोय, तिला अजून पर्ड्यू हे माझ्या कंपनीचं नाव वाटतं.

बेसमेंटमध्ये आम्ही पाचजण. बापू, त्याची बायको म्हणजे आमची वहिनी, मी, ही, आणि शेजारचे आजोबा. आजोबा इंडियाना युनिव्हर्सिटीचे, तेही १९७६ च्या बॅचचे. त्या वर्षी कोच बॉब नाइटची टीम ३२ पैकी ३२ जिंकून चॅम्पियन झाली होती आणि आजोबा तेव्हापासून आजतागायत त्याच वर्षात राहतात. त्यांना तिळगूळ देताना मी ‘गोड गोड बोला’चा अर्थ नीट समजावून सांगितला. त्यांनी लाडू तोंडात टाकला आणि म्हणाले, ‘मॅच सुरू होईपर्यंत बोलेन.’

बाहेरच्या कोर्टावर जिंकणं म्हणजे काय, हे असेंब्ली हॉल पाहिल्याशिवाय कळत नाही. तिथे बसायची जागा दोन लांब बाजूंना अशी उभी चढत जाते की वरच्या रांगेतून खाली बघताना रायगडाच्या टोकावरून बघितल्यासारखं पोटात गोळा येतो. आवाजाला बाहेर जायला वाट नाही, तो सगळा कोर्टावर कोसळतो. पाहुण्या टीमच्या गार्डला पाच फुटांवरून कोचचं बोलणं ऐकू येत नाही. आमची गेल्या वर्षीची टीम, एक नंबरची टीम, तिथेच ७९-७४ हरली. त्याआधीच्या वर्षी ६८-६५. या मोसमात काल रात्रीपर्यंत दोनच मॅच हरलोय, नॉर्थवेस्टर्न आणि नेब्रास्का, दोन्ही बाहेर. दोन्ही वेळा त्यांची पोरं कोर्टावर धावून आली. आपल्याला हरवलं की लोक मैदानात उतरून नाचतात, हा एका अर्थी मान आहे, पण तो मान पुन्हा टीव्हीवर बघायची माझी तयारी नव्हती. नेब्रास्काला तर आठवडाच झाला होता.

त्यात माझी लेक त्या १७ हजारांत बसलेली.

हा घरातला जुना विषय आहे. मी १९९५ च्या ऑगस्टमध्ये पर्ड्यूला एमएसला आलो, पहिल्याच हिवाळ्यात एका सीनियरच्या तिकिटावर मॅकी अरेनात, म्हणजे पर्ड्यूच्या घरच्या कोर्टावर, शिरलो आणि त्या रात्री क्रिकेटला सवत आली. पोरगी इथेच जन्मली, काळ्या-सोनेरी टोपऱ्यात वाढली आणि बिझनेस शिकायला ब्लूमिंग्टनला गेली. कोर्स चांगला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यांच्या टीमचा तो लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा वॉर्मअपचा लेंगा असतो, तसला घेऊन ती पहिल्याच थँक्सगिव्हिंगला घरी आली. फी मी भरतो आणि लेंगा हा.

मॅचचं खरं तर सांगण्यासारखं काही नाही, आणि माझी गोची तीच आहे. बाहेर जिंकायचं तर हॉल लवकर गप्प करायचा, एवढंच शास्त्र. कालच्या पोरांनी तो केला. ईडी ७ फूट ४ इंच. तो रिंगजवळ पाठ टेकवून उभा राहिला की समोरच्या टीमपुढे दोनच रस्ते. एकट्या माणसाने अडवायचं, मग तो वळून हलकेच आत टाकतो नाहीतर फाउल काढतो. दोघांनी अडवायचं, मग बाहेर स्मिथ, लॉयर, लान्स जोन्स यांपैकी कुणीतरी मोकळा. लान्स जोन्स या वर्षी सदर्न इलिनॉयहून आलाय आणि माझ्या मते सगळा फरक त्याने पाडलाय. गेल्या वर्षी स्मिथ आणि लॉयर दोघेही पहिल्या वर्षाचे, अंगावर धावून आलं की चेंडू कुठे द्यावा सुचायचं नाही. आता तिसरा हात आहे.

हाफटाइमलाच वीसच्या वर आघाडी. हिने गुळपोळ्या गरम करून आणल्या. आजोबांनी तूप लावून घेतलं आणि ईडीच्या फाउलांचा विषय काढला. इंडियानाच्या माणसाचं हे ठरलेलं आहे. रेफरी त्याला जपतात, तो दाणगट आहे म्हणून त्याला सगळं माफ, वगैरे. बापू म्हणाला, ‘तुमची पोरं त्याच्या हाताला लोंबकळतात, त्याचं काय?’ बापू मूळचा इस्लामपूरचा, पर्ड्यूतून पीएचडी, इंग्रजी बोलतानाही त्याचा सूर वाळव्याच्या तालमीतला. मग आजोबांनी हुकमाचा पत्ता टाकला. राष्ट्रीय विजेतेपदाचे पाच बॅनर. १९४०, १९५३, १९७६, १९८१, १९८७. असेंब्ली हॉलच्या छताला टांगलेले पाच बॅनर, आणि आमचं एकही नाही. एकूण मॅचेस मोजल्या तर पर्ड्यूने इंडियानाला कितीतरी जास्त वेळा हरवलंय, पण हे वाक्य आम्ही गेली कित्येक वर्षं बोलतोय आणि त्याने आजवर एकाही माणसाचं तोंड बंद झालेलं नाही.

त्यानंतर खुर्ची. २३ फेब्रुवारी १९८५, याच हॉलमध्ये, पर्ड्यूविरुद्धच, नाइट भडकला आणि लाल प्लास्टिकची खुर्ची उचलून त्याने कोर्टावर भिरकावली. आजोबा म्हणतात, मी तिथे होतो. असतील. फक्त इंडियानात आल्यापासून ‘मी तिथे होतो’ म्हणणारे मला जितके भेटलेत, तितके त्या हॉलमध्ये मावणं कठीण आहे. त्या दिवशी पर्ड्यू ७२-६३ जिंकली होती, हे मात्र त्यांच्यातल्या कुणालाच आठवत नाही. नाइट गेल्या नोव्हेंबरात गेला. त्या संध्याकाळी आजोबा अंगणात एकटेच बराच वेळ पानं ओढत होते, पानं संपली होती तरी. काल खुर्चीचं सांगताना त्यांचा आवाज जरा हलला, म्हणून ७२-६३ मी मनातच ठेवलं. गोड गोड बोला.

दुसऱ्या हाफमध्ये आम्ही काय करत होतो? हे लिहायलाच उठलोय. वीस गुणांनी पुढे असताना बापू एका पॅडवर टर्नओव्हर, म्हणजे आम्ही फुकट गमावलेले चेंडू, मांडत होता. चार रेघा आणि एक आडवी, हिशेबनिसासारखा. ‘बघ, सलग दोन पास फुकट घालवले. मार्चमध्ये हे चालणार नाही.’ वहिनीला लॉयरचा बचाव खटकत होता. इंडियानाने लागोपाठ दोनदा लांबून तीन-तीन गुणांचे बास्केट टाकले आणि मी उभा राहिलो. आघाडी सतरा की अठराची असेल, आणि मी उभा. ही म्हणाली, ‘अहो, जिंकताय ना?’ आजोबा आमच्याकडे बघत होते. त्यांची टीम मार खात होती आणि खोलीत सगळ्यात शांत माणूस तेच. एकदा म्हणालेही, ‘तुम्हा पर्ड्यूवाल्यांना जिंकताना बघणं फार त्रासाचं आहे.’

त्यांचं चूक नाही. पण कारणं आहेत. २०२१, नॉर्थ टेक्सस. २०२२, सेंट पीटर्स. २०२३, फेअरली डिकिन्सन. तीन वर्षं ओळीने मार्चच्या राष्ट्रीय बाद-फेरी स्पर्धेत नाव न ऐकलेल्या कॉलेजांनी आम्हाला घरी पाठवलं. फेअरली डिकिन्सनची टीम अख्ख्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या वरच्या गटात, सगळ्यात बुटकी, सोळावं मानांकन, आमच्याकडे ईडी, पहिलं मानांकन, आणि हरलो ६३-५८. सोळाने एकाला हरवण्याची इतिहासातली ती दुसरी वेळ. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी काही बोललं नाही, हे सगळ्यात वाईट. आणि हे आत्ताचंच नाही. मी आलो त्याच मोसमात, १९९६ मध्ये, पहिलं मानांकन घेऊन आम्ही दुसऱ्या फेरीत जॉर्जियाकडून हरलो होतो. म्हणजे माझी सुरुवातच तशी.

बापूने काल नोव्हेंबरच्या क्रिकेट वर्ल्डकपची आठवण काढली. वानखेडेवर श्रीलंका ५५ वर ऑलआउट, ३०२ धावांनी जिंकलो, याच बेसमेंटमध्ये, भारतातली भर दुपार म्हणजे इथली पहाट, तेव्हापासून बसून शेवटी नाचलो होतो. दहापैकी दहा. मग एकोणीस तारखेला अहमदाबादची फायनल हरलो. ‘एकतर्फी जिंकलं की मला आता धडकीच भरते,’ बापू म्हणाला. वहिनी म्हणाली, ‘तुम्हाला अटीतटीची जिंकली की बीपी, आणि एकतर्फी जिंकली की धडकी.’ यावर बापूने पॅडवर आणखी एक रेघ मारली.

मला वाटतं, खरी अडचण बोलण्याची आहे. हरलो तर रात्रभर बोलता येतं, कोचपासून रेफरीपर्यंत. एका गुणाने जिंकलो तर शेवटचा मिनिट दहा वेळा सांगता येतो. एकवीस गुणांनी जिंकल्यावर काय बोलणार? चांगले खेळले. बास. त्याच्यापुढे वाक्यच नाही. मग माणसं खोड्या शोधतात, निदान गप्पा चालू राहाव्यात म्हणून. माउईची स्पर्धा जिंकलो तेव्हा, ॲरिझोनाला हरवलं तेव्हा, आम्ही असेच टर्नओव्हर मोजत बसलो होतो. (एकवीस हा गणपतीच्या मोदकांचा आकडा, हेही बोलून झालं. हिने काढलं. त्यावर दोन मिनिटं गेली.)

साधारण आठ मिनिटं उरली असताना लेकीचा मेसेज आला. ‘लोक निघालेत.’ सोबत फोटो, समोरच्या बाजूला लाल खुर्च्या उघड्या पडायला लागलेल्या, मधूनमधून डोकी. मी विचारलं, तू? ‘मी नाही निघणार. तुम्हीच शिकवलंय.’

हे मी शिकवलंय खरं. ती सात वर्षांची असताना मॅकीत आम्ही बरेच मागे होतो, ती रडवेली होऊन घरी चला म्हणत होती आणि मी म्हटलं होतं की हॉर्न वाजेपर्यंत उठायचं नाही, ही पोरं आपल्यासाठी खेळतात. आता ते शिक्षण ती दुसऱ्याच पोरांसाठी वापरत होती. शेवटी आमच्या कोच पेंटरने बेंचवरची पोरं उतरवली. मोसमभर सरावात घाम गाळणाऱ्या आणि एरवी कोर्टावर पाऊल न पडणाऱ्या त्या पोरांचे ते दीड-दोन मिनिटं बघायला मला सगळ्यात आवडतं. काल मात्र मी स्क्रीनच्या कडेला, गर्दीत पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा दिसतो का ते बघत होतो.

साडेदहाला तिचा फोन. हॉस्टेलपर्यंत चालत जात होती, दात वाजत होते.

‘बाबा, बोला एकदाचं.’

‘काय बोलू?’

‘जे काय बोलायचं ते. मी तयारी करून ठेवलीय.’

मी म्हटलं, कानटोपी घातलीस का? ती म्हणाली, घातलीय, कुठली ते विचारू नका. मग थोडा वेळ नुसते तिच्या बुटांखाली बर्फ मोडल्याचे आवाज. म्हणाली, ईडी समोरून बघितला की टीव्हीवर वाटतो त्याहून बराच मोठा आहे, आणि बाबा, तो चिडत नाही, दोन पोरं त्याला ढकलत होती तरी तो तसाच उभा होता. तिच्या आवाजात थोडं कौतुक होतं, हे मी ऐकलं, पण तिला ऐकलं असं दाखवलं नाही. त्याऐवजी बापूचे टर्नओव्हर सांगितले. ती हसली. ‘एकवीसने जिंकून? तुम्ही लोक ना.’

बापू गेल्यावर आजोबा जरा रेंगाळले. डब्यात उरलेले पाच लाडू मी त्यांना बांधून दिले. दारात बूट चढवताना म्हणाले, ‘पाच. प्रत्येक बॅनरला एक.’ म्हातारा हरूनही शेवटचा पॉइंट घेऊन गेला.

आत्ता फोन वाजला, तिचाच मेसेज. १० फेब्रुवारीला शनिवार आहे, मॅकीत परतीची मॅच आहे, तिकिटं मिळतील का, आणि ती तिच्याच कपड्यांत येणार, यावर चर्चा नाही. किमती बघितल्या. दोन तिकिटांत एक चांगलं वॉशिंग मशीन येईल. आजोबांना विचारायचं की नाही, ते चहा झाल्यावर ठरवतो.