मामा, खुंट बदलून भागणार नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी हा विषय मी टाळतोच. रोगाने संपत आलेल्या अमेरिकन चेस्टनट या जंगली झाडाची रोगाला टिकणारी जात तयार करायच्या कामात मी आहे. नाशिकला आलो की बागेत चहाचा कप हातात देत मामा म्हणतात, "तुमच्या त्या अमेरिकन चेस्टनटचा खुंट का नाही बदलत? आम्ही नाही का डॉगरिजच्या मुळांवर द्राक्षाची कलमं बांधत!" मामेभाऊ फोनवर तेच. बारा वर्षं झाली.

मामा, खुंट उत्तम आहे. हा रोग बुरशीचा, आणि ती धरते जमिनीच्या वर, खोडाच्या सालीला. भेगेतून शिरते, ऑक्झॅलिक आम्ल सोडून साल मारते, खोडाभोवती वेढा पुरा झाला की वरचं सगळं वाळतं. बुडातून फुटवे येतात, थोडे जाड झाले की तेही जातात. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात हे पहिल्यांदा दिसलं; पुढच्या पन्नासेक वर्षांत सुमारे चार अब्ज झाडं संपली. बदलायची ती खुंटावर बांधायची काडी, आणि रोगाला टिकणारी काडीच मिळत नाही.

चिनी चेस्टनट या रोगाला बऱ्यापैकी पुरून उरतो. म्हणून 1983 पासूनचा बेत असा: दोघांचा संकर, मग परतसंकर, म्हणजे त्या संकराचा तीनदा पुन्हा अमेरिकनशीच संकर, दर पिढीत निवड. कागदावर सोळातले पंधरा भाग अमेरिकन, रोगाशी झुंजण्याची ताकद तेवढी चिनी. प्रतिकार दोन-तीन जनुकांत असेल, असं धरलं होतं. मीही महाराष्ट्र मंडळात फळ्यावर ऐटीत जनुकांचे तीन गोल काढले होते. तीनच का रे, असं आज त्या पोराला विचारावंसं वाटतं. पण तीन धरले नसते, तर एवढ्या लांबच्या कामाला हात तरी कुणी घातला असता?

अकराव्या रांगेतलं सेहेचाळीस नंबरचं झाड. सरळसोट, रांगेत सगळ्यात उंच. जूनमध्ये मीच त्याच्या सालीला दोन भोकं पाडली, एकात सौम्य बुरशी, दुसऱ्यात जहाल, वरून चिकटपट्टी. परीक्षा अशीच घेतात. शरदात सौम्य जखम भरून आलेली. जहाल बाजूला साल खचलेली, तिच्यावर नारिंगी पुटकुळ्या, डाग माझ्या वितीपेक्षा लांब. दोनदा मोजला. तिसऱ्यांदा टेप जरा सैल धरला. सहकारी काही बोलली नाही, पहिलाच आकडा तिने वहीत लिहिला. हिवाळ्यात करवत मीच चालवली. दुसऱ्याने कापलेलं बघवणार नाही, असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं: आणखी आठवडा गेला असता तर मी त्याच्यावरची खुणेची फीत शेजारच्या झाडाला बांधली असती.

पुढे जनुकसंच वाचले गेले, तर प्रतिकार अनेक जनुकांत विखुरलेला. आणि झाड जितकं जास्त अमेरिकन, तितकं सरासरीने दुबळं. गव्हाचा जनुक घालतात ना, असं आता भाऊ विचारतो. घालतात. त्याने आम्ल मोडतं, बुरशी मरत नाही. काही लोकांना हीच गोष्ट चांगली वाटते. मला अजून ठरवता येत नाही.

आणि मामा, एक कबूल. दक्षिणेकडे मुळं कुजवणारा फायटोफ्थोरा आहे, तिथे तुमचं खुंटाचं म्हणणं अगदीच वेडं नाही. फक्त जंगल कलमांनी उभं राहत नाही, ते बियांतूनच यावं लागतं.

सेहेचाळीसच्या बुंध्यातून यंदा पाच फुटवे आलेत. नियमाने तेही काढायचे असतात. दोन काढले.