भिंतीपलीकडचा न्यूट्रल

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी खान्देशात कोणी वायरिंगचं काम काढत नाही. घागरी आणायच्या, पुरणाची डाळ निवडायची, लेकी येणार म्हणून झोका बांधायचा. त्या गडबडीत शिडी घेऊन आलेला वायरमन कोणाला हवा असतो? पण 2024 ची आखाजी 10 मेला, शुक्रवारी होती आणि गुरुवारी सकाळी नऊलाच मी अमळनेरच्या जुन्या गावातल्या एका वाड्यात उभा होतो. माईंच्या मुलाने पुण्याहून चार स्मार्ट स्विच ऑनलाइन मागवून थेट घरी पाठवले होते. बहीण यायच्या आत ते बसले पाहिजेत, असा त्याचा हुकूम.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माई 78 वर्षांच्या, एकट्या. महिनाभरापूर्वी रात्री न्हाणीघराकडे जाताना बोळीत अंधारात पडल्या होत्या. हाड मोडलं नाही एवढंच. बोळीतला, जिन्यातला आणि बैठकीतले दिवे आपल्याला मोबाइलवरून लावता यावेत, एवढीच त्याची इच्छा.

"भाऊ, पहिले पानी पी ले, मंग कर काम," माई म्हणाल्या. ऊन तेव्हाच डोक्यावर आलं होतं.

बैठकीतला बोर्ड उघडला. सागवानी पेटी, काळी गोल बटणं, वर भिंतीवरून गेलेली लाकडी केसिंग, म्हणजे तारा झाकणारी पट्टी. पेटीत प्रत्येक बटणाला दोनच तारा. टेस्टर लावला. एक फेज, म्हणजे वीज आणणारी; दुसरी हाफ, म्हणजे बटणातून दिव्याकडे जाणारी. वीज परत नेणारा न्यूट्रल नाही. जिन्यात तेच, बोळीत तेच. आमचं अमळनेर म्हणजे 1945 साली विप्रो जिथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली ते गाव. इथल्या जुन्या घरांत अजूनही कोणाच्या ट्रंकेत शेअर निघतात, पण बोर्डात न्यूट्रल निघत नाही.

त्या काळच्या वायरमनचं त्यात काही चुकलेलं नाही. दिव्याला न्यूट्रल वरच्या वर, सीलिंग रोजमधूनच (छतावरच्या जोडणीच्या चकतीतून) लूप करायचा आणि बटणापर्यंत फक्त फेज खाली आणून हाफ वर न्यायची, अशी पद्धत होती. साध्या बटणाला न्यूट्रल लागतो कशाला? ते फक्त तार तोडतं आणि जोडतं. पुढे दिव्याच्या बोर्डातच प्लग बसवायची रीत आली, तेव्हा न्यूट्रल खाली उतरला. म्हणून नव्या घरांत आम्हाला ही अडचण फारशी येत नाही. येते ती अशा वाड्यांत, नाहीतर जिन्याच्या सुट्या बटणावर.

स्मार्ट स्विचचं दुखणं असं की त्याच्या पोटात एक छोटा रेडिओ आहे. दिवा बंद असला तरी तो जागा पाहिजे, नाहीतर पुण्याची हाक ऐकणार कोण? जागं राहायला त्याला थोडी वीज लागते आणि त्या विजेला परतीची वाट लागते. ती वाट म्हणजे न्यूट्रल.

मुलाला व्हिडिओ कॉल लावला, बोर्ड दाखवला. तो म्हणाला, "काका, मग अर्थिंग वापरा ना. एका व्हिडिओत तसंच केलंय."

असले व्हिडिओ करणाऱ्यांना एकदा माझ्यासोबत महिनाभर फिरवलं पाहिजे. अर्थिंग ही अडीअडचणीची तार आहे, रोजच्या रहदारीची नाही. ती कुठे तुटली तर फ्रिजपासून मोटारीपर्यंत सगळ्यांच्या लोखंडी अंगात करंट उतरतो. आणि या वाड्याचं अर्थिंग म्हणजे नळाच्या पाइपला गुंडाळलेली एक गंजकी तार होती. मी सरळ नाही म्हणालो.

जुन्या घरात नवं इलेक्ट्रॉनिक काही बसवायचं तर आधी 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी लावायचा, हा माझा नियम. फेजने जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलने परत आला का, एवढंच तो बघतो. फरक पडला की तो पडतो, वीज तोडतो. लावला. स्वयंपाकघर चालू केलं, ठीक. देवघर, फ्रिज, ठीक. बैठकीच्या ट्यूबचं बटण दाबलं आणि खट्.

पुन्हा चढवला. पुन्हा बटण, पुन्हा खट्. पंख्यालाही तेच. मला वाटलं, तार सडली असेल, भिंतीत करंट झिरपत असेल. केसिंगची पट्टी काढली, तर आतल्या कापडी विणीच्या रबरी तारेचा भुगा बोटाला लागला. पण तार कुठेही भिंतीला टेकलेली नव्हती. तासभर शोधलं. हाताखालचा पोरगा म्हणाला, "आरसीसीबीच फेल आहे." दुसरा लावला. तोही पडला.

मग डोक्यात आलं ते करून पाहिलं. आरसीसीबी बाजूला ठेवला, बाकीची सगळी बटणं बंद केली, बैठकीचा पंखा तेवढा चालू ठेवला आणि माईंच्या मेनमधला न्यूट्रलचा किटकॅट, म्हणजे फ्यूज, उपसून हातात घेतला. आता घरातलं काहीच चालायला नको.

पंखा फिरत होता.

पोरगा पंख्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. फेज माईंची होती, तर परतीची वाट दुसऱ्या कोणाची तरी होती. शिडी लावून केसिंगच्या मागे मागे गेलो. ती तुळईला धरून सरळ जात होती आणि बैठकीच्या मधोमध बांधलेल्या भिंतीत शिरत होती.

माई चुलीजवळून म्हणाल्या, "ती भित वाटनीनी शे."

पलीकडे धाकटे दीर, तात्या. बावीस वर्षांपूर्वी वाडा अर्धा-अर्धा झाला, बैठकीत भिंत आली, माईंच्या बाजूला वेगळा मीटर आला. तेव्हाच्या वायरमनने नव्या मीटरची फेज बैठकीच्या बोर्डापर्यंत आणली आणि हात झटकले. दिवे लागले, पंखा फिरला, काम झालं. वरचा न्यूट्रल मात्र जुन्याच जंक्शनमधून येत राहिला आणि ते जंक्शन तात्यांच्या वाट्याला गेलं होतं. त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. त्या दिवसांत मीही कदाचित तेच केलं असतं. तेव्हा घरात आरसीसीबी नव्हता, तर चूक सांगणार कोण?

तो न्यूट्रल तोडायला तात्यांच्या घरात जाणं भाग होतं. माई काही बोलल्या नाहीत. मी एकटाच गेलो.

तात्यांनी दार अर्धंच उघडलं. मी कुठून आलो ते सांगितल्यावर म्हणाले, "त्या आमची लाइट चोरतात, हे तुम्हीच त्यांना सांगा एकदा." मग दोन गाऱ्हाणी बाहेर आली. एक, बिल. घरात दोनच माणसं असताना एवढे युनिट कसे? दुसरं जास्त गंभीर. तीन वर्षांपूर्वी स्वतःचा मेन पाडून ते होल्डर बदलायला चढले होते. "मेन बंद व्हता, तरी माले करंट लागना," ते म्हणाले. झटक्याने स्टुलावरून पडले, मनगट मोडलं. भिंतीतून कोणीतरी मुद्दाम तार सोडली, असं तेव्हापासून घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

मी त्यांना मीटरपाशी नेलं. तिथे "अर्थ" लिहिलेला लाल दिवा पेटला होता. तो तसाच असतो, ते म्हणाले. मी पोराला ओरडून माईंचा पंखा बंद करायला सांगितलं. लाल दिवा विझला. चालू कर म्हटलं. पेटला.

जुना चकतीचा मीटर एवढ्या खोलात जात नसे. आताचा इलेक्ट्रॉनिक मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीतला करंट बघतो आणि चोरी पकडायला म्हणून जो आकडा मोठा असेल त्यावर युनिट मोजतो. माईंचा पंखा आणि चोकवाली जुनी ट्यूब मिळून सव्वाशे वॅटच्या आसपास. दिवसाचे आठ तास धरले तर एक युनिट, महिन्याचे तीस. ते माईंच्या मीटरवर फेजमधून चढत होते आणि तात्यांच्या मीटरवर न्यूट्रलमधून. मल्टिमीटरने दोन्ही मीटरच्या फेजमधला दाब तपासला, शून्य आला, म्हणजे दोघेही एकाच फेजवर, त्यामुळे माईंचा करंट तात्यांच्या न्यूट्रलमध्ये भरच घालत होता. हिशेब बरोबर बसत होता.

"म्हंजे त्यास्ना पंखाना पैसा आम्हीबी भरी राह्यनूत?"

"हो. आणि त्यांनीही भरले. दोघांनीही."

झटक्याचं उत्तरही तिथेच होतं. तात्यांचा मेन दोन्ही तारा तोडणारा. तो पाडला की त्यांच्या घरातला न्यूट्रल अधांतरी. तिकडे माईंचा पंखा चालू. त्यांची फेज पंख्यातून उतरून तात्यांच्या न्यूट्रलमध्ये येऊन थांबलेली, वाट नाही म्हणून. तात्यांनी हात लावला, वाट मिळाली. आमच्या धंद्यात मेन पाडल्यावरही टेस्टर लावल्याशिवाय तारेला बोट लावू नये म्हणतात ते यासाठीच. पण हे घरातल्या माणसाला कोण सांगतं?

तात्या बराच वेळ मनगट चोळत बसले. मग उठून त्यांनी स्वतःच शिडी धरली. दोन्ही घरांचे मेन पाडून मी जंक्शनमधली ती तार दोन्ही बाजूंनी कापली, टोकं बंद केली. उतरताना त्यांनी विचारलं, "वहिनीना पंखा फिरी ना आते?" म्हटलं, संध्याकाळपर्यंत फिरेल.

माईंच्या मेनपासून बैठकीत आणि जिन्यात प्लास्टिकच्या पट्टीतून नवा न्यूट्रल ओढला. तीन स्विच बसले. आरसीसीबी गप्प राहिला. साडेसातला पुण्याहून ट्यूब लागली तेव्हा माईंनी सवयीने दिव्याला हात जोडले.

राहिली बोळ. तिथली भिंत कच्च्या विटांची, हात लावला की माती गळते. नवी तार ओढायला मी धजावलो नाही. आखाजी झाल्यावर जळगावहून न्यूट्रल न लागणारा झिग्बीचा (कमी वीज खाणाऱ्या रेडिओचा) स्विच आणि त्याला इंटरनेटशी जोडणारा हब आणून लावला. तो आपली भूक दिव्यातूनच चिमूटभर करंट ओढून भागवतो. जुना 60 वॅटचा बल्ब असता तर कोणाला कळलंही नसतं. पण बोळीत 9 वॅटचा एलईडी होता. त्याला तेवढाही करंट पुरतो, त्यामुळे बंद असतानाही तो मिणमिणत राहिला. यावर उपाय सोपा आहे, दिव्याला समांतर एक छोटा कपॅसिटर जोडायचा. डब्यात तो आला होता, मी आळस केला होता.

चार दिवसांनी तो घेऊन गेलो. माई बोळीच्या तोंडाशीच बसल्या होत्या. शिडी उघडू दिली नाही.

"राहू दे भाऊ. रातले तेवढा उजेड पुरस."

मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, पण ॲपमध्ये तर दिवा बंद दिसतोय.