टँकमधलं रान आवरताना

मुलुंडच्या आमच्या घरी येणारा प्रत्येक जण टँककडे बघून विचारायचा, "मासे कुठे आहेत?" टँक दोन फुटी, पाणी साधारण ५५ लिटर. व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीच्या पानांच्या पट्ट्या वरपर्यंत येऊन पाण्यावर आडव्या पसरलेल्या, मागच्या कोपऱ्यात हायग्रोफिला काचेला खेटून उभी, आणि या सगळ्यावर डकवीड या इवल्या तरंगत्या वनस्पतीची हिरवी साय. खरं सांगायचं तर मला ते रान बघायला आवडायचं. कात्री हातात घ्यायला लावलं ते सासूबाईंनी.

त्या पहाटे उठतात. एकदा म्हणाल्या, "अगं, गप्पी सगळे वर येऊन तोंड उघडझाप करतायत. तू उठून दिवा लावलास की थोड्या वेळाने खाली जातात. रोजचं आहे हे."

झाडं प्राणवायू देतात हे शाळेतलं ज्ञान अर्धंच असतं. दिवा बंद झाला की झाडं प्राणवायू सोडत नाहीत, आणि माशांसारखीच तीही रात्रभर तो वापरतात. त्यात मुंबईचं पाणी कोमट. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. वरून डकवीडने पाण्याचा पृष्ठभाग झाकलेला, म्हणजे हवेतून येणारी वाटही बंद. त्या रात्रीपासून एअर पंप रात्रभर चालू ठेवला आणि छाटणीला हात घातला.

सगळं एका दिवसात साफ करायचा मोह होतो. तो टाळायचाच, असं माझं मत आहे. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया ही झाडं खात असतात. ती एकदम गेली की तोच अमोनिया आणि उरलेला उजेड शेवाळाच्या वाट्याला येतो. म्हणून एका वेळी तिसरा हिस्सा, आणि मध्ये आठवडाभर विश्रांती. काम सकाळी करायचं, म्हणजे माशांची काही गडबड झाली तर दिवसभर लक्ष राहतं.

पहिली पाळी डकवीडची. फिल्टर बंद केला, पाणी स्थिर होऊ दिलं आणि चहाच्या जुन्या गाळणीने ते उचलत गेले. गाळणी बादलीत झटकण्याआधी नीट बघावी, गप्पीची पिल्लं त्यात हमखास सापडतात.

हायग्रोफिला सोपी. वरचा उजेड खाऊन तिने खालची पानं स्वतःच टाकली होती, बुडाशी नुसत्या काड्या. पेराच्या थोडं खाली कापायचं, हिरवे शेंडे ठेवायचे, खालची दोन-तीन पानं काढून ते चिमट्याने खडीत रोवायचे. ही मूळची आपल्याच देशातली वनस्पती, अमेरिकेत मात्र तिची नोंद घातक तणांच्या सरकारी यादीत आहे. तिचा वेग बघितला की पटतं.

खरी परीक्षा व्हॅलिस्नेरियाची. ती खडीखालून आडवे धुमारे सोडते. आईला लेक, लेकीला नात, अशी अख्खी माळ असते. एक रोप ओढलं की माळ उसळते, सोबत खडीखालचा काळा गाळ आणि सडक्या अंड्यासारखा वास. म्हणून आधी रोपांमधला धुमारा कापायचा, मग एका हाताच्या बोटांनी बुडाजवळची खडी दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने रोप हळूहळू, थोडं तिरकं ओढायचं. शेजारी कुणाला तरी सायफनची नळी धरून उभं करावं, गाळ उठेल तिथेच खेचून घेता येतो. आमच्याकडे हे काम सासूबाईंनी केलं, आणि सूचनाही. पट्ट्या मधूनच कापल्या तर कापलेली कड तपकिरी पडते, त्यामुळे लांब पानं मी बुडापासूनच काढली. पुढच्या बुटक्या क्रिप्टोकोरिनला हात लावला नाही. तिची मुळं हलली की पानं विरघळून जातात.

शेवटी तिसरा हिस्सा पाणी बदललं. महापालिकेच्या पाण्यात क्लोरिन असतं, तेव्हा अँटीक्लोरिनचे थेंब आधी बादलीत. दिवा दहा तासांवरून सहावर आणला, त्यासाठी टायमर घेतला. तरी अनुबियसच्या पानांवर थोडं शेवाळ आलंच. ती सावलीत सुखी होती, आता उघडी पडली.

उरला प्रश्न बादलीभर झाडांचा. शेजारच्या काकांनी सुचवलं, "पवई तलावात सोडून द्या की, वाढतील बिचारी." त्या तलावात आधीच दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी माजते आणि ती काढता काढता पालिकेच्या नाकी नऊ येतात. टँकमधलं एक पानही तलावात, नाल्यात किंवा संडासात जाऊ नये. मोडकी पानं मी गच्चीत कडक वाळवून कढीपत्त्याच्या कुंडीत घातली. चांगली रोपं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत भरून कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या दुकानांकडे नेली. एकाने "हे तर सगळ्यांकडे आहे" म्हणून हात झटकले, दुसऱ्याने बदल्यात माशांच्या खाद्याचं पाकीट दिलं. काही इमारतीतल्या मुलांनी नेली. देण्याआधी प्रत्येक रोप नळाखाली धुवायला लावलं सासूबाईंनी. "डकवीडचं एक पान जरी गेलं ना," त्या म्हणाल्या, "तर त्या पोराची आई आपल्या दारात येईल."