चौदा पॉइंट चार म्हणजे साडेचौदाच!

भाऊबीज झाली तेव्हा कुठे शिलाई मशीनवरचा ब्लाउजांचा डोंगर उतरला. दसऱ्यापासून मी मान वर केली नव्हती. माझ्या लेकीची, ठकीची सहामाही नेमकी याच दिवसांत होती, त्यामुळे तिचा अभ्यास झाला तो मशीनशेजारी, चिंध्यांत पाय पसरून. मी पायडल मारायचे आणि ती मोठ्याने वाचायची. यंदा पाचवीचं निम्मं पुस्तक माझंही पाठ झालंय.

पाचवी म्हणजे पेन. चौथीपर्यंत पेन्सिल होती, जूनपासून पेन हातात आलं. ते पहिल्यांदा गळलं तेही एका काकूंच्या मोतिया रंगाच्या पीसवर. तो डाग कापताना कुठे लपवला ते इथे लिहिणार नाही, काकू वाचतात. आमच्या वेळी पाचवीत इंग्रजी सुरू व्हायचं, तेही एबीसीडीपासून. आता इंग्रजी पहिलीपासून असतं आणि पाचवीत नवी येते ती हिंदी. ठकीला वाटलं होतं हिंदी तर येतेच आपल्याला! पण कळव्याच्या बाजारातली हिंदी आणि पुस्तकातली हिंदी यांची ओळखदेख नाही. 'मेरे को' लिहिलं की बाई लाल पेनने 'मुझे' करतात. आणि दही हिंदीत पुल्लिंगी असतं, याचा तिला अजून राग आहे.

परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात अश्मयुग आहे. चौथीत शिवाजी महाराज आणि पाचवीत एकदम दगडाची हत्यारं, त्यामुळे आधी ती हिरमुसली होती. मग मी तिला सांगितलं की त्या काळातल्या माणसांकडे हाडाच्या सुया होत्या. सायबेरियातल्या एका गुहेत सापडलेल्या सुया तर चाळीस हजार वर्षांहून जुन्या आहेत आणि त्यांना नेढंही आहे. तिने माझी सुई उजेडात धरून किती तरी वेळ नेढ्यातून बघितलं. "आई, हाडाला एवढं बारीक भोक पाडलं कशाने?" दगडाच्या टोकाने, मी म्हटलं. मला चष्मा लावूनही दोरा ओवताना तीनदा चुकतं.

शाळेत सकाळी शिष्यवृत्तीचे जादा तास असतात. फेब्रुवारीत परीक्षा. दोन पेपर, प्रत्येकात ७५ प्रश्न, १५० गुण आणि वेळ दीड तास. ठकीने भागाकार करून सांगितलं, एका प्रश्नाला ७२ सेकंद. तेवढ्यात माझा एक हूकही नीट लागत नाही. त्या तासांना दशांश अपूर्णांक सुरू झाले आणि आमच्या घरात भांडण पेटलं.

झालं असं, की गर्दीच्या दिवसांत ठकी माझी मापांची वही धरून बसायची. मी मापं सांगायची, ती लिहायची. मधेच म्हणाली, "आई, तुझी वही चुकलीये."

मी वीस वर्षं अशीच लिहिते. सव्वाचौदा १४.२, साडेचौदा १४.४, पावणेपंधरा १४.६. ज्यांच्याकडे शिकले त्या मावशीही असंच लिहायच्या. टिंबाच्या पुढे सूत. आठ सुतांचा एक इंच, म्हणून चार सूत म्हणजे अर्धा इंच.

"पण साडेचौदा म्हणजे १४.५!" ठकी म्हणाली. "शाळेत असंच असतं."

"शाळेत ब्लाउज शिवतात का?"

मग तिने हिशोबच मांडला. उंची पावणेपंधरा, त्यात दुमडीला अर्धा इंच. माझ्या वहीप्रमाणे १४.६ अधिक ०.४. तिचं उत्तर आलं बरोब्बर १५. माझं सव्वापंधरा, म्हणजे १५.२. तिने माझ्याच टेपवर बोट ठेवून रेघा मोजल्या. १४ च्या पुढे सहा, मग आणखी चार. बोट १५ ओलांडून दोन रेघा पुढे गेलं. गप्प झाली. परत मोजल्या. मग वही घेऊन कोपऱ्यात गेली आणि दिवाळीचं फराळाचं ताट तसंच ठेवून पानं उलटत बसली.

पंधरा मिनिटांनी आली. "आई, तुझ्या अख्ख्या वहीत टिंबापुढे ८ आणि ९ एकदाही नाहीत."

खरंच नाहीत. वीस वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. सात सुतांच्या पुढे इंचच होतो, मग आठ येईल कुठून! शिष्यवृत्तीच्या सरावात गणिताला तिला पडले पन्नासपैकी एकतीस, पण हे तिने शोधलं तेव्हा मी मशीन थांबवलं.

सुट्टीत बिल्डिंगच्या मुलांनी खाली पाण्याच्या टाकीशेजारी किल्ला केला. २०२५च्या जुलैत मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातला जिंजी तमिळनाडूत आणि बाकीचे ११ महाराष्ट्रात. मुलांनी खांदेरी निवडला. समुद्र हवा म्हणून माझं उरलेलं निळं अस्तर गेलं, दोन मीटर. सेक्रेटरींनी माती पार्किंगमध्ये आली म्हणून बोलून घेतलं, पण किल्ला काही काढायला लावला नाही.

मापांच्या वहीत मात्र एक घोटाळा झालाच. गडबडीत एका वहिनींचं माप ठकीने तिच्या पद्धतीने १४.५ लिहिलं आणि मी माझ्या पद्धतीने वाचून चौदा इंच पाच सूत कापलं. ब्लाउज एक सूत लांब झाला. वहिनींना कळलं नाही, उलट बाही छान बसली म्हणाल्या. ठकी शेजारीच उभी होती. वहिनी जिना उतरेपर्यंत दम धरला तिने. आता वहीत टिंब बंद, सुतांच्या आधी आडवी रेघ, असं ठरलंय.